औषधाआधीच त्याची तोड

नमस्कार श्रोतेहो.

डॉक्टर म्हणतात, 'या जंतूंवर हे औषध चालत नाही.' घरी आल्यावर आपण सांगतो, शरीराला औषधाची सवय झाली. शरीराचा यात काही संबंध नाही हो! काही जंतूंकडे औषध मोडून टाकणारं एन्झाइम असतं, आपलं विकर. कच्च्या पपईचा चीक मटणाला का चोळतात, हे तुमच्यापैकी निम्म्यांना तरी सांगायला नको. त्या चिकातलं विकर मटणातली प्रथिनं तोडतं. जंतूंचं विकर पेनिसिलिन तोडतं.

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक लहानसं कडं असतं, बीटा-लॅक्टम नावाचं. त्याच्या जोरावर पेनिसिलिन जंतूचं भिंत बांधण्याचं काम बंद पाडतं. भिंत कच्ची राहते, जंतू फुटतो. विकर पाण्याचा एक रेणू वापरून ते कडं उघडतं. कडं उघडलं की औषध निकामी. विकर मात्र तसंच शाबूत, पुढच्या रेणूकडे वळायला मोकळं. पुन्हा सांगतो, औषध खर्ची पडतं, विकर खर्ची पडत नाही.

विज्ञान एवढंच. आता मला सांगायची आहे ती गोष्ट ऐका.

ऑक्सफर्ड, १९४०. महायुद्ध सुरू. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली ही मंडळी पेनिसिलिन गोळा करण्यासाठी जिवाचं रान करत होती. पेनिसिलिन देणारी बुरशी वाढवायला पसरट भांडी मिळेनात, तेव्हा रुग्णालयातले बेडपॅन वापरले. आणि त्याच प्रयोगशाळेत चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी ई. कोलाय हे आतड्यातले जंतू भरडून त्यांचा अर्क काढला. तो पेनिसिलिनमध्ये मिसळला, तर पेनिसिलिनचा गुण गेला. अर्क चांगला तापवून मिसळला, तर पेनिसिलिन शाबूत. म्हणजे अर्कात विकर होतं. त्यांनी त्याला पेनिसिलिनेज म्हटलं आणि २८ डिसेंबर १९४० च्या 'नेचर'मध्ये ते छापून आलं.

आता तारीख बघा. १२ फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा ४३ वर्षांचा पोलीस खाटेवर होता. गुलाबाचा काटा लागल्याचं निमित्त झालं, असं सगळीकडे सांगतात. त्याच्या मुलीने पुढे सांगितलं की काटाबिटा काही नाही, बाबांना बॉम्बहल्ल्यात जखम झाली होती. काहीही असो, चेहरा आणि डोकं गळवांनी भरलेलं, एक डोळा काढावा लागलेला, फुप्फुसापर्यंत संसर्ग. पेनिसिलिन सुरू केलं आणि एका दिवसात फरक पडला. ताप उतरला, माणूस जेवायला लागला.

पण औषध होतं चिमूटभर. शरीरात गेलेलं पेनिसिलिन मूत्रपिंडं भराभर बाहेर टाकतात. म्हणून काय केलं, तर त्याची लघवी बाटल्यांत भरून सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, त्यातून पेनिसिलिन परत काढायचं आणि त्यालाच पुन्हा टोचायचं! (सायकलवरून आठवलं. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या आमच्या पुण्यात आज एवढं अंतर सायकलने जायचं, तर आधी विमा उतरवावा लागेल.) पाचव्या दिवशी औषध संपलं. दुखणं उलटलं, आणि १५ मार्चला तो गेला.

तो दगावला तो औषध पुरलं नाही म्हणून, विकरामुळे नव्हे. पण क्रम ध्यानात घ्या. विकर डिसेंबरात छापून आलं, पोलिसाला औषध मिळालं फेब्रुवारीत. आधी विकर, मग रोगी. बुरशी आणि जंतू यांचं हे भांडण माणसाच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. आपण त्यात उशिरा आलो आणि औषध वाटेल तसं वापरून विकरवाल्या जंतूंना रान मोकळं करून दिलं. लंडनच्या एका रुग्णालयात पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस, म्हणजे जखमा चिघळवणारे जंतू, १९४६ मध्ये सातात एक होते. १९४८ मध्ये निम्म्याहून जास्त!

यावर माणसानेही तोड काढली. पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या अमॉक्सिसिलिनच्या काही पाकिटांवर दुसरं नाव असतं, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. ते स्वतः जंतू फारसे मारत नाही. विकराला चिकटून त्याला अडकवून ठेवतं, तोवर अमॉक्सिसिलिन आपलं काम उरकतं. म्हणूनच 'साधी नको, क्लॅव्हवाली पॉवरची द्या' असं औषधाच्या दुकानात सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पॉवर कसली? जंतूकडे ते विकर नसेल, तर त्या जादा औषधाला कामच नाही. फुकट पोट बिघडायचं.

आणि विकरं काय एकाच जातीची आहेत? २००८ मध्ये स्वीडनमध्ये, भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका रुग्णाच्या जंतूंत एक नवं सापडलं. त्याच्या नावात नवी दिल्ली घातली, यावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. मला विचाराल तर तो राग अगदीच गैर नव्हता. पण गदारोळात मुद्दा बाजूला पडला. हे विकर जस्ताच्या अणूंच्या मदतीने कडं उघडतं, त्यामुळे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्याला अडवू शकत नाही. कार्बापेनेम ही राखीव ठेवलेली औषधंसुद्धा ते तोडतं. शिवाय त्याचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर असतं, डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर, आणि ते वेटोळं एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो.