क्ले थॉम्पसनचे हात नाही, पाय बघा

नमस्कार मंडळी! सकाळी ऑफिस-कॉलेजच्या आधी एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, बघणारे आपण नागपूरकर थोडेच, पण भांडायला पुरेसे आहोत. सध्याचं भांडण एकच: लांबून शॉट मारणारा क्ले थॉम्पसन संपला का? नाही संपला, भाऊ. का, ते सांगतो.

5 डिसेंबर 2016. क्लेची तेव्हाची टीम गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध इंडियाना. क्लेनं 29 मिनिटांत 60 पॉइंट्स केले. आणि त्यासाठी त्यानं बॉलचा टप्पा किती वेळा टाकला? फक्त 11! हातात येतो न येतो तोच सुटलेला. पळून कोणाला मागे टाकणं हा त्याचा खेळ कधी नव्हताच. स्क्रीनच्या, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्याच खेळाडूच्या, आडून यायचं, थांबायचं, मारायचं. वय झालं की आधी जातो तो पहिल्या पावलाचा वेग, आणि क्ले त्याच्यावर कधी जगलाच नाही.

मग बिघडलं कुठे? पायांत. 2019 च्या फायनल्समध्ये डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा सांभाळणारा अस्थिबंध) फाटलं. त्यातून उठतोय तोच नोव्हेंबर 2020 मध्ये उजव्या पायाचं अकिलीज (पोटरीला टाचेशी जोडणारी शीर) गेलं. 941 दिवस मॅच नाही!

(बॉल हातात, कॅमेरा पायांवर) आता हे बघा. गुडघे वाकले, टाचा उचलल्या, पोटरीनं ढकललं, आणि तोच जोर वर बोटांपर्यंत आला. एनबीएची थ्रीची रेघ, जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला तीन पॉइंट्स मिळतात, समोरून 7.24 मीटरवर आहे. एवढं अंतर नुसत्या हातांनी निघत नाही. पोटरीचा जोर जरा कमी पडला की बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. शिवाजीनगर जिमखान्यावर संध्याकाळी उशिरा दमलेल्या पोट्ट्यांचे शॉट बघा, तिथंच आपटतात.

आणि तरी 2022-23 मध्ये या माणसानं 301 थ्री मारल्या, लीगमध्ये सगळ्यात जास्त! एक गुडघा आणि एक टाच दुरुस्त करून आल्यावर. मला आशा वाटते ती इथून.

हो, 2024 ची सॅक्रामेंटोविरुद्धची प्ले-इन (प्लेऑफमध्ये जायची पात्रता) मॅच मीही बघितली. क्लेचे 10 पैकी 0 शॉट गेले. वॉरियर्सच्या जर्सीतली त्याची शेवटची मॅच तशी जावी, याचं अजून वाईट वाटतं. मग तो डॅलसच्या टीममध्ये गेला. समोरच्या टीमच्या सगळ्यात चपळ गार्डला तो आता पूर्वीसारखा अडवणार नाही, हे मान्यच करू.

पण एक-दोन शॉट चुकले की तो घाई करतो, अंगावर माणूस असताना टप्पा टाकून मारतो. ते बंद व्हायला हवं. कोचनं त्याच्यासाठी स्क्रीन लावाव्यात, कॉर्नरमधून वर येताना बॉल द्यावा. मला 60 नकोत. चांगल्या जागेवरून चार-पाच थ्री, बस्स.

पुढच्या मॅचला आधी स्कोअर बघू नका. बॉल हातात यायच्या आधी त्याचे दोन्ही पाय जमिनीत रोवलेत का, तेवढं बघा. पहिल्या तीन शॉट्सना रोवलेले दिसले, तर जागेवरून उठू नका.