जबाब कच्चा की प्रश्न कच्चा?

नमस्कार श्रोतेहो.

गुन्ह्याची झळ पोहोचलेली व्यक्ती कर्णबधिर असेल, दृष्टिहीन असेल किंवा तिला बौद्धिक अक्षमता असेल, तर पोलीस ठाण्यात, रुग्णालयात आणि पुढे न्यायालयात तिच्याशी बोलायचे कसे, हे शिकवण्याची आपली व्यवस्था फार तोकडी आहे; त्या व्यवस्थेविषयी आज बोलायचे आहे. अशा व्यक्तीचा जबाब कच्चा असतो, तो उलटतपासणीत टिकत नाही, असे सहज म्हटले जाते. माझे म्हणणे असे आहे की पुष्कळदा कच्चा असतो तो प्रश्न, आणि प्रश्न विचारणे हे शिकून येणारे काम आहे.

कायद्याने आपल्या परीने बरेच केले आहे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पीडित व्यक्ती अपंग असेल, तर तिची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी जाऊन, दुभाषी अथवा विशेष शिक्षक यांच्या उपस्थितीत नोंदवावी आणि तिचे चित्रीकरण करावे, ही तरतूद २०१३ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही, ती कायम आहे. दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेला तिचा जबाब खटल्यात सरतपासणीच्या, म्हणजे सरकारी वकिलाने आधी घ्यायच्या साक्षीच्या, जागी धरला जातो, म्हणजे तिला तीच हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू नये. मात्र संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान एखाद्या नातेवाइकाने परस्पर काढून घेतले, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ही विशेष तरतूद लागू पडत नाही. तिथे समोर बसलेल्या ठाणे अंमलदाराची समजच उपयोगी पडायची, आणि ती कलमाने येत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीचे उदाहरण घ्या. "तो तुला घरात घेऊन गेला ना?" असे विचारले की ती "हो" म्हणते. पाठोपाठ "की तू स्वतःहून गेलीस?" असे विचारले, तरी ती "हो"च म्हणते. ती खोटे बोलत नसते. मोठ्या माणसाला होकार दिला की तो रागावत नाही, एवढेच तिला लहानपणापासून घरी आणि शाळेत शिकवले गेलेले असते. दोन्ही होकार कागदावर उतरले की तिची फिर्याद तिथेच मोडते. याउलट "त्या दिवशी काय झालं ते सांग" असे म्हणून गप्प बसता आले, मधली शांतता सहन करता आली, तर ती सांगते. तुकड्यातुकड्यांनी, मागेपुढे करत, पण सांगते. तारीख आणि वेळ तिला सांगता येणार नाही. मात्र त्या दिवशी पिवळी मारबत निघाली होती, असे ती म्हणाली, तर नागपुरात पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कोणती तारीख, हे शोधायला फार कष्ट पडत नाहीत. तिने दिलेली अशी खूण ओळखायला शिकणे हा प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे.

लिहिण्याचेही तसेच आहे. "समक्ष विचारले असता सांगते की, सदर इसमाने" अशी सुरुवात असलेला जबाब त्या मुलीच्या तोंडी शोभत नाही, आणि बचाव पक्षाचा वकील नेमके तेच विचारतो की, बाई, हे शब्द तुमचे आहेत का? तिने वऱ्हाडीत सांगितले असेल, निम्मे हिंदीत सांगितले असेल, तर ते तसेच उतरवावे.

कर्णबधिर व्यक्तीच्या बाबतीत सर्वांत सोपा वाटणारा मार्ग सर्वांत धोक्याचा असतो. आई, भाऊ किंवा शेजारी खुणा समजतात म्हणून त्यांनाच दुभाषी करून टाकले जाते. अत्याचार करणारा घरातला असेल किंवा घराच्या ओळखीचा असेल, तर जबाब कोणाच्या सोयीने नोंदला जाईल, हे वेगळे सांगायला नको. शाळेत न गेलेल्या कर्णबधिर माणसाला भारतीय सांकेतिक भाषा येतेच असेही नाही. त्याच्या खुणा घरापुरत्या असतात, आणि अशा वेळी प्रशिक्षित दुभाष्याच्या जोडीला स्वतः कर्णबधिर असलेला दुसरा जाणकार लागतो. प्रश्न विचारणाऱ्याने दुभाष्याकडे न पाहता त्या व्यक्तीकडे पाहून बोलावे. चित्रीकरणात तिचे हात आणि चेहरा दिसलाच पाहिजे. नुसता दुभाष्याचा आवाज टिपलेले चित्रीकरण कायद्याची अट पुरी करील, पण त्यावरून भाषांतर बरोबर होते की नाही, हे न्यायालयाला कधीच तपासता येणार नाही.

दृष्टिहीन साक्षीदाराविषयी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतन जमाल वली खटल्यात स्पष्ट निर्वाळा दिला. जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या पीडितेने आरोपीला आवाजावरून ओळखले होते, आणि अपंग साक्षीदाराची साक्ष निव्वळ अपंगत्वामुळे दुय्यम ठरवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यायाधीश, सरकारी वकील आणि पोलीस यांच्या प्रशिक्षणाची गरजही त्याच निकालात मांडली आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला; त्याच्या तेराव्या अनुच्छेदातही न्याययंत्रणेतील लोकांचे प्रशिक्षण आहेच.

मग अडते कुठे? एक दिवसाची कार्यशाळा होते, भाषणे होतात, जेवण होते, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि वर्षाभरात शिकलेल्या अधिकाऱ्याची बदली होते. (उद्घाटनाला लागलेला वेळ मोजायचा नाही, असा संकेत दिसतो.) शिकवायला मंचावर क्वचितच कोणी अपंग व्यक्ती असते. खरे तर नव्या उपनिरीक्षकाने सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे स्नायूंवर पुरता ताबा नसल्याने ज्याला बोलणे जड जाते अशा माणसाशी अर्धा तास बोलावे, त्याचे वाक्य आपण पुरे करायचे नाही एवढी एकच अट पाळावी. कुठल्याही व्याख्यानाने जे कळणार नाही ते त्याला कळेल. हे पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात हवे, आणि नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतले तरुण डॉक्टर व जिल्हा न्यायालयातले वकील त्याच वर्गात बसले तर अधिक बरे, कारण पीडितेची भेट या तिघांशीही होते.

आणखी एक अडचण निव्वळ अंतराची आहे. भिवापूर किंवा नरखेडला रात्री फिर्याद आली, तर विशेष शिक्षक नागपूरहून केव्हा पोहोचणार? बालकांसाठी पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, विशेष शिक्षक आणि तज्ज्ञांची यादी ठेवायची असते. तशीच यादी प्रौढांसाठी तालुकावार तयार करून प्रत्येक ठाण्यात लावता येईल, आणि यादीतल्या शिक्षकांनाही न्यायालयात काय करायचे व काय करायचे नाही, हे शिकवावे लागेल; कारण वर्गात मुलाला उत्तर सुचवणे हे त्यांचे रोजचे काम असते, आणि इथे तेच टाळायचे असते.

श्रोत्यांपैकी कोणी विशेष शिक्षक किंवा सांकेतिक भाषेचे जाणकार असाल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन आपली तयारी जरूर कळवा. इतरांसाठी एवढेच की, शेजारच्या एखाद्या अपंग मुलीने तुमच्याजवळ काही सांगितले, तर खोदून खोदून विचारू नका. तिने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, ती कोणाच्या सोबत राहते हे ध्यानात घ्या, आणि ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर कळवताना दुभाषी लागेल की विशेष शिक्षक, हे पहिल्याच वाक्यात सांगा. नमस्कार.