आधी पट्टी, मग पोर्शन

(वाशीत प्राध्यापकांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

सगळ्यांना नमस्कार. सकाळची ट्रान्स-हार्बर पकडून ठाण्याहून उभ्याने आलेल्यांना जरा जास्तच.

नवा कोर्स मांडायचा म्हटलं की आपण पहिलं काय करतो? दुसऱ्या कॉलेजचा सिलॅबस उघडतो. मॉड्यूलची शीर्षकं थोडी हलवतो, वर ‘विद्यार्थ्यांना विषयाची ओळख होईल’ असं उद्दिष्ट चिकटवतो आणि फाइल पुढे ढकलतो. मीही हेच केलंय, म्हणून माझीच फजिती सांगतो.

आमचं कॉलेज स्वायत्त, म्हणजे सिलॅबस आपला आपण ठरवणारं. कॉमर्सच्या मुलांसाठी दोन क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स काढायचा होता, शेतमालाच्या व्यापाराचा. एपीएमसी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समिती, इथं हाकेच्या अंतरावर. कांदा-बटाटा, फळं, भाजीपाला, दाणा आणि मसाला, अशी पाच मार्केटं. मी झोकात मसुदा केला : बाजार समित्यांचा इतिहास, कायदे, विपणनाची तत्त्वं. अभ्यास मंडळाच्या बैठकीला उद्योगाचे प्रतिनिधी म्हणून एक अडते, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारे, आले होते. तासभर गप्प. शेवटी म्हणाले, “सर, हे शिकून पोराला पट्टी करता येईल का?”

पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद. नग किती, वजन किती, भाव काय, गाडीभाडं, हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी) वजा जाता हाती किती. मी म्हटलं, आहे की, तिसऱ्या मॉड्यूलमध्ये. त्यांनी कागद पुढे ओढला. माझ्या नमुना पट्टीत अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या रकमेतून कापलेली. “फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची असते, सर. कुठलं पुस्तक हे?” पुस्तक माझ्या विद्यार्थिदशेतलं होतं. ते मी सांगितलं नाही.

त्या रात्री मसुदा बाजूला ठेवला आणि आधी शेवटच्या दिवसाची परीक्षा लिहिली. विद्यार्थ्यासमोर गाडीची पावती, वजनं आणि भाव ठेवायचे. अर्ध्या तासात पट्टी तयार हवी, आणि प्रत्येक वजावट कशाची, ते शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत सांगता आलं पाहिजे. एवढं जमायला काय काय शिकवावं लागेल, ते मग मागे मागे जात मांडलं. इतिहासाचे आठ तास होते, एक उरला. हमाल-माथाडी कामगारांसाठीचा माथाडी कायदा, १९६९ चा, आधी मसुद्यात नव्हताच. तो आत आला, कारण हमालीच्या रकान्यामागे तोच उभा आहे. ‘ओळख होईल’ गेलं, ‘पट्टी तयार करील, वजावट समजावून सांगेल’ आलं. ‘ओळख झाली का’ याचा पेपर कोण आणि कसा काढणार, सांगा बघू.

आता तास. इथं प्रस्ताव सर्वांत जास्त अडतात, आणि अडायलाच हवेत. थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला तीस. माझ्या कोर्समध्ये दोन्हींचं एकेक, म्हणजे झाले पंचेचाळीस. पण लेक्चर अठ्ठेचाळीस मिनिटांचं असेल, तर पंधरा लेक्चरांत तुम्ही बाराच तास शिकवता. तीन तास गेले कुठे? हिशेब घड्याळाच्या तासाचा की लेक्चरचा, ते मसुदा लिहिण्याआधी विचारून घ्या. शिवाय विषम सत्रात गणपती येतात, दिवाळी येते. आणि माझी खास अडचण अशी की भाजीपाला मार्केट भरतं पहाटे, आणि आमचं पहिलं लेक्चर सातला. शेवटी प्रॅक्टिकल शनिवारी टाकलं आणि शनिवार मोकळा करून घेण्यासाठी टाइमटेबलवाल्या मॅडमना दोनदा मिसळ खिलवली. हा खर्च कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

मंजुरीची वाट कॉलेजागणिक वेगळी. संलग्न कॉलेजात सिलॅबस विद्यापीठाचं अभ्यास मंडळ करतं आणि तो विद्यापरिषदेत मंजूर होतो. अख्खा नवा प्रोग्रॅम काढायचा असेल, तर २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याचं कलम १०९ वाचा, आणि त्याआधी विद्यापीठाचा बृहत् आराखडा, म्हणजे कुठं काय नवं सुरू करायचं याची योजना. आराखड्यात बसत नसेल, तर अर्जाला सोनेरी बॉर्डर लावूनही उपयोग नाही. स्वायत्त कॉलेजात अभ्यास मंडळही आपलं, विद्यापरिषदही आपली. विद्यापीठाला कळवायचं, आणि पदवीचं नाव यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीतलंच ठेवायचं. आपलंच मंडळ म्हणून काही ठिकाणी बैठक वीस मिनिटांत उरकतात. बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेले एक, उद्योगातले एक, एक माजी विद्यार्थी, अशी माणसं यूजीसीने त्या मंडळात उगाच घातलेली नाहीत. त्यांना मसुदा आठ दिवस आधी पाठवा. समोसा आणि मसुदा एकदम हातात दिलात, तर माणूस आधी समोसा खाणार.

आणखी एक. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने सत्राला वीस ते बावीस क्रेडिट, तीन वर्षांना १२० ते १३२, चार वर्षांना १६० ते १७६ अशी चौकट घातली. त्यात तुमचा कोर्स कुठल्या खणात जातो, ते मसुद्याच्या पहिल्या ओळीत लिहा. कॉमर्सच्या मुलांना कॉमर्सचाच कोर्स ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे बाहेरचा ऐच्छिक विषय, म्हणून देता येत नाही. तो दुसऱ्या विद्याशाखेतला लागतो. एवढ्यावरून परत आलेले चांगले प्रस्ताव मी पाहिलेत, आणि परत आलेला प्रस्ताव बहुतेकदा पुढच्या वर्षावर जातो.

ते अडते अजून बैठकीला येतात. दर वर्षी चालू आठवड्यातली एक पट्टी, नावं खोडून, बरोबर आणतात, आणि आमची परीक्षा तिच्यावरच होते.

तर आता लॅपटॉप मिटा. समोर कोरा कागद आहे. आपापल्या कोर्सच्या शेवटच्या दिवसाचा एकच प्रश्न लिहा, मार्कांसकट. वीस मिनिटं. मॉड्यूल जेवणानंतर.