अर्धं विकलन आणि उष्णतेची स्मृती

[दृश्य: शॉक टनेलची लांब पोलादी नळी]

मुंबईत पवईच्या आयआयटीत एक शॉक टनेल आहे. ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने सुटलेली हवा त्यातल्या मॉडेलवर आदळते आणि काही मिलिसेकंदांत सगळं आटोपतं. एवढ्या वेळात मॉडेलमध्ये किती उष्णता शिरली, हे मोजायचं कसं?

अशा टनेलमध्ये जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे. सिरॅमिकवर प्लॅटिनमचा अतिशय पातळ थर देतात. थर तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, आणि त्यावरून पृष्ठभागाचं तापमान क्षणोक्षणी नोंदलं जातं. पण हवा असतो तो आत शिरणाऱ्या उष्णतेचा ओघ. त्यासाठी या तापमानाचं विकलन करावं लागतं, म्हणजे ते वेळेनुसार किती झपाट्याने बदलतं ते काढावं लागतं, आणि तेही अर्धंच!

[दृश्य: जुनं हस्तलिखित]

विकलन एकदा करता येतं, दोनदा करता येतं. अर्ध्या वेळा कसं करणार? १६९५ मध्ये हा प्रश्न लोपिताल आणि लायब्निट्स या गणितींच्या पत्रव्यवहारात निघाला. लायब्निट्सला तो विरोधाभास वाटला, तरी यातून एक दिवस उपयोगी गोष्टी निघतील, असं त्यानं लिहिलं.

त्यातली एक फ्रेंच गणिती फूरियेच्या उष्णतावहनाच्या समीकरणातच दडलेली होती. त्याचा ग्रंथ १८२२ चा. उष्णतेला दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. म्हणजे खोली वाढते ती वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि पृष्ठभागावर तेच वर्गमूळ अर्धं विकलन होऊन पुढे येतं. साधं विकलन फक्त आत्ताच्या क्षणापुरतं बघतं. अर्धं विकलन सुरुवातीपासूनचं प्रत्येक तापमान हिशेबात धरतं, जुन्या क्षणांचा वाटा कमी करत. मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच: एकही नवं गृहीतक न घेता, जुन्या भौतिकशास्त्रातूनच ही स्मृती निघते.

[दृश्य: तापणारी धातूची चकती]

घन पदार्थ तापला की प्रसरण पावतो. जागा नसली की आत ताण साठतो. उलटही घडतं, धातूची तार झटकन ताणली की ती किंचित थंड होते. १९५६ मध्ये मॉरिस बिओ या भौतिकशास्त्रज्ञाने या दोन्ही बाजू एकाच सिद्धांतात बांधल्या. मात्र फूरियेच्या समीकरणात एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी पोचते, कितीही अल्प का असेना. १९६७ मध्ये लॉर्ड आणि शुलमन यांनी त्यात विलंब घातला, तेव्हा ती ठरावीक वेगाने धावू लागली.

२००५ मध्ये पोव्स्टेंको यांनी या समीकरणातल्या वेळेनुसारच्या विकलनाची कोटीच, म्हणजे ते किती वेळा करायचं तो आकडाच, मोकळी सोडली. कोटी १ असेल तर उष्णता झिरपत जाते, २ असेल तर लाट होते. मधली कोटी घेतली की वर्तनही मधलं, आणि ताणाचे आकडेही बदलतात. नागपूर विद्यापीठातले गणिती चकत्या आणि नळकांड्यांमधल्या औष्णिक ताणांची अशी गणितं सोडवत आले आहेत.

पण एखाद्या पदार्थासाठी कोटी ०.८ की १.५, हे समीकरण सांगत नाही. पुष्कळ शोधनिबंधांत ती नुसती निवडून आलेख काढलेले असतात. ते पुरेसं नाही. पॉलिमर, सच्छिद्र खडक, तंतूंचे संमिश्र पदार्थ, यांचे नमुने तापवून, मोजून ती ठरवायला हवी, आणि हे काम अजून पुष्कळ बाकी आहे.