अभिप्रायवही कुठे गेली?

मित्रहो, आजच्या पत्रिकेत माझा विषय ‘विद्यार्थ्यांची प्रदर्शनं आणि समाजाचा प्रतिसाद’ असा छापलाय. प्रदर्शनावरून वाद पेटला तर विद्यापीठाने काय करावं, याचा एक आराखडा मांडायचं मी कबूल केलंय, आणि तो मांडणार आहे. पण त्याआधी बडोद्याबद्दल बोलू द्या.

बडोदा आपल्याला परकं नाही. विद्यापीठाला नाव सयाजीरावांचं, आणि 1950 साली तिथला चित्रकला विभाग उभा करायला गेले ते चित्रकार ना. श्री. बेंद्रे. समोर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची बरीच मंडळी दिसतायत. बेंद्रे कोण हे मी सांगायला लागलो तर तुम्हीच मला खाली बसवाल. तर तिथे वर्षअखेरीला विद्यार्थी आपलं काम भिंतीवर लावतात आणि परीक्षक फिरून गुण देतात. ती भिंत म्हणजे त्यांची उत्तरपत्रिका. एवढं लक्षात राहू द्या.

9 मे 2007. मुद्राचित्रणाच्या, म्हणजे प्रिंटमेकिंगच्या, एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचं काम असंच परीक्षेसाठी लावलेलं होतं. दुर्गा आणि ख्रिस्त यांच्या प्रतिमा त्याने ज्या रीतीने वापरल्या, त्यावर आक्षेप घेत बाहेरचे कार्यकर्ते आवारात शिरले. पोलीस आले, पत्रकार आले, आणि मुलगा थेट कोठडीत गेला. आक्षेप घेण्याचा हक्क मला मान्य आहे. ती चित्रं सगळ्यांना रुचावीत असंही मी म्हणत नाही. पण उत्तरपत्रिकेबद्दल अटक?

आणि मग दोन दिवसांनी विद्यार्थ्यांनी जे केलं, ते मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो. त्यांनी आपल्याच कला-इतिहास विभागाचा संग्रह उघडला. देवळांवरची शिल्पं, जुनी चित्रं, देशोदेशीची कला, जिथे जिथे शरीर आणि शृंगार आलाय त्यांच्या प्रतिमा निवडल्या आणि विभागात लावल्या. वर्गात जे रोज शिकवलं जातं, तेच भिंतीवर आलं. निषेधाचा इतका अभ्यासू प्रकार मला दुसरा माहीत नाही. प्रशासनाने ते बंद करायला फर्मावलं. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला. ते निलंबित झाले आणि विभागाच्या दस्तऐवज केंद्राला सील लागलं. कला-इतिहासाच्या संग्रहाला सील!

या प्रकरणावर मी हाती लागेल ते वाचलंय. पोलिसांचं म्हणणं सापडतं, कार्यकर्त्यांचं सापडतं, कुलगुरूंचं, चित्रकारांचंही. पण जो त्या भिंतीसमोर दोन मिनिटं उभा राहिला, त्याला काय वाटलं? त्याचं एक वाक्य माझ्या वाचनात आलेलं नाही.

म्हणून मी अभिप्रायवहीबद्दल इतका हट्टाने बोलतो. एका महाविद्यालयात (नाव घेत नाही) ‘बाजूला बसणं’, म्हणजे पाळीच्या दिवसांत बाईने वेगळं बसणं, या विषयावर मुलींनी प्रदर्शन मांडलं होतं आणि मी मदतीला होतो. मधोमध एक लाकडी देव्हारा, त्याच्या दाराला कुलूप, आणि चार हात लांब चटई, तांब्या, ताटली. बस्स. दाराशी स्टुलावर दोनशे पानी वही, तिला सुतळीने बांधलेलं पेन, कारण पेनं जातात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी एका वयस्कर बाईंनी लिहिलं, “चटई बरोबर आहे. तांब्याही. पण देव्हाऱ्याला कुलूप आम्ही कधी घातलं नाही. हे खोटं आहे. काढा.” जिने ते मांडलं होतं, तिने खाली लिहिलं, “आजी, परवा दुपारी याल? मला तुमच्याशी बोलायचंय.”

मला विचाराल तर प्रदर्शन इथे सुरू झालं. आजींना राग आला होता, पण तो पाहून आलेला होता. कुठली वस्तू खरी, कुठली खोटी, हे त्यांनी नेमकं सांगितलं. इतकी नेमकी टीका आम्ही शिक्षकांनीही केली नव्हती. पण मधल्या दिवशी कोणीतरी नुसत्या कुलपाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. चटई नाही, तांब्या नाही, नुसतं कुलूप. कार्यालयात फोन सुरू झाले आणि संध्याकाळच्या आत दालन रिकामं. ठरल्या दुपारी आजी आल्या तेव्हा दाराशी शिपाई उभा होता. वही कार्यालयात जमा झाली. मी दोनदा लेखी मागितली, मिळाली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा आराखडा भराभर सांगतो.

कायदा समजतो तितका कलेच्या विरुद्ध नाही. 1954 साली मुंबईत चित्रकार अकबर पदमसींनी प्रदर्शनातली आपली चित्रं उतरवायला नकार दिला, त्यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. 8 मे 2008 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्यावरचे खटले रद्द केले. अश्लीलतेच्या कलमातच कलेला आणि देवळांतल्या शिल्पांना अपवाद आहे. तेव्हा फोन आला म्हणून घाबरायचं नाही. आक्षेप लेखी, नावानिशी, आणि काम पाहिल्यावरच घ्यायचा. काम करणाऱ्याने रोज ठरावीक वेळ तिथे उभं राहायचं. काही उतरवायचंच असेल तर कारणांसह लेखी आदेश हवा. आणि वही ग्रंथालयात, दाखल क्रमांक घालून ठेवायची.

2022 मध्ये बडोद्यातच पुन्हा तेच झालं. बलात्काराच्या बातम्यांच्या कात्रणांतून केलेल्या देवप्रतिमांचे फोटो फिरले, आणि विद्यार्थ्याला काढून टाकलं. पुन्हा फोटोच.

शेवटचं कलम निकालाचं. 2007 च्या त्या विद्यार्थ्याचा निकाल 2018 पर्यंत लागला नव्हता. त्या फेब्रुवारीत त्याने कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावली. तो गुन्हाच, त्याचं समर्थन नाही. पण अकरा वर्षं निकाल अडवणाऱ्यांना कोणी जाब विचारला? बाहेर कितीही गदारोळ होवो, परीक्षकांचे गुण ठरल्या तारखेला लागले पाहिजेत, हे नियमात लिहून घ्या. दुसरी चिठ्ठी आलीय. प्रश्न असतील त्यांनी बाहेर व्हरांड्यात या, मी थांबतो.