आधी आलेल्याला आधी का घेत नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. बावीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली चौदा कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात गेली. या चौदा वर्षांत एक प्रश्न मी रोज ऐकलाय. "सिस्टर, आम्ही आधी आलो होतो. त्यांना आधी कसं घेतलं?" एका हातात बीपीचा पट्टा आणि दुसऱ्या हातात सलाईनची बाटली असताना याचं नीट उत्तर देता येत नाही. विचारणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्यामुळे त्याचा रागही येत नाही. ते उत्तर आज इथे बसून देते.

पावसाळ्यातली एक पहाट सांगते. मोटारसायकलवरून पडलेला पंचविशीतला एक मुलगा आला. हाताचं हाड मोडलेलं, शर्ट रक्तानं भरलेला, सोबत दहाबारा माणसं आणि सगळ्यांचा एकच कल्ला. त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, एक बाई आठनऊ वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन उभी होती. "रात्रीपासून पोटात दुखतंय म्हणतो, एकदा उलटी झाली," एवढंच ती म्हणाली. पोरगं गप्प होतं.

आधी मोटारसायकलवाल्याचा हात बघितला. बोटं गरम होती, हलत होती, मनगटाची नाडी लागत होती. नख दाबून सोडलं तर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं. म्हणजे हाताला रक्तपुरवठा नीट होता. जखमेवर दाबून पट्टी बांधली, हाताला फळीचा आधार दिला आणि त्याला बसवलं. मग पोराकडे वळले. "बाळा, वर बघ." त्यानं भुवया ताणल्या, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या वर जाईनात. आईला वाटत होतं झोप झाली नाही म्हणून डोळे जड झालेत. नाव विचारलं तर नाकातून बोलला. मी आईला विचारलं, "रात्री कुठे झोपला होता?" "खाली, जमिनीवर."

मण्यार. या सापाचा दंश बहुतेक वेळा झोपेत होतो, दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. डॉक्टरांनी लगेच सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण साप माणसाचं वय बघून विष कमी टोचत नाही. पोराचा श्वास उथळ व्हायला लागला तसं डॉक्टरांनी घशात नळी घातली, आणि १०८ ची गाडी जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत माझ्या सहकारी सिस्टरनं हातानं पिशवी दाबून त्याला श्वास दिला. त्या पोराला व्हेंटिलेटर मिळाला. तो वाचला.

तोवर बाहेर मोटारसायकलवाल्याच्या नातेवाइकांनी दारावर हात आपटायला सुरुवात केली होती. त्याला पाऊण तास थांबावं लागलं, हे खरंय. त्याला दुखत होतं, हेही खरंय. पण त्याचा हात पाऊण तास थांबू शकत होता. त्या पोराचा श्वास वाट बघणार नव्हता.

या निवडीला ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणं, वेगळं काढणं. नेपोलियनच्या सैन्यात दोमिनिक लारे नावाचे सर्जन होते. हुद्दा बघू नका, जखम बघा, आणि ज्याची जखम जास्त गंभीर त्याला आधी घ्या, असा त्यांचा शिरस्ता होता. आज आम्ही ते रंगांत मांडतो. लाल म्हणजे आत्ता, या मिनिटाला. पिवळा म्हणजे लवकर, पण नजरेखाली थोडं थांबता येईल. हिरवा म्हणजे थांबलं तरी धोका नाही. तुम्हाला बाकावर बसायला सांगितलं म्हणजे दुर्लक्ष केलं असं वाटतं ना? बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा, की तुम्हाला बघितलंय आणि या घडीला तुमच्या जिवाला धोका दिसत नाही.

हे ठरवताना पेशंट दारातून कसा येतो इथपासून बघतो. एक वाक्य सलग बोलतो का, की दोन शब्दांनंतर दम घेतो? मग श्वास मोजतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० असतात. तिसाच्या वर गेले की माझे हात आपोआप ऑक्सिजनकडे जातात. नाडी, बीपी, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा, साखर, आणि माणूस शुद्धीवर आहे का, तेही बघतो. (त्या चिमट्यासाठी एक विनंती: बोटाला गडद नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, तेव्हा पुसू द्या.) जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, हे ओरडण्यातूनच कळतं. मला भीती वाटते ती गप्प पडलेल्याची.

माझीही चूक झालीय. साठीच्या एक आजी आल्या, मधुमेह होता. छातीत दुखत नव्हतं. "जळजळतंय गं, आणि घाम फुटतोय." बीपी बरं होतं, गर्दी होती, मी म्हटलं, "आजी, जरा बसा." वीस मिनिटांनी परत बघायला गेले तर पदर घामानं चिंब. ईसीजी काढला, तो हार्ट अटॅक होता. मधुमेहात आणि बायकांमध्ये तो असा छातीत न दुखताही येतो, हे मी शिकले होते. तरी बसवलं. आजी वाचल्या, पण ती वीस मिनिटं त्यांची होती आणि मी ती घालवली. तेव्हापासून वयस्कर माणूस घाम आणि जळजळ सांगत आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी, मग गर्दी कितीही असो.

तुमच्याकडून मला काय हवं असतं ते सांगते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तो माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सांगा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर डबा सोबत आणा आणि लाजेपोटी काही लपवू नका. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, हातपाय हलू देऊ नका. अपघातातला अनोळखी माणूस असेल तरी आणा. आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलंय.

आणि बाकावर बसलेले असताना काही बदललं, घाम फुटला, झापड आली, श्वास वाढला, तर नंबर यायची वाट बघत बसू नका. मी दुसऱ्या पेशंटजवळ असेन, माझी पाठ तुमच्याकडे असेल, तरी हाक मारा. "सिस्टर, आता हिला बोलता येत नाहीये," एवढं म्हटलंत की मी येते.

नमस्कार.