हिशेब क्षणाचा, हेलपाटेच फार

(परभणीतील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, नमस्कार. मी हार्डवेअर शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी दुरुस्तीही करतो, त्यामुळं आज पेटी उघडल्यावर जे दिसतं त्याबद्दलच बोलणार आहे. इंटरनेट, एआय वगैरे विषय दुसऱ्या वक्त्यांसाठी राखून ठेवतो.

समोरच्या टेबलावर तीन वस्तू आहेत. रॅमची एक स्टिक, म्हणजे काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवायची जागा; माहिती कायमची साठवणारी हार्ड डिस्क, झाकण काढलेली; आणि तेच काम चिपवर करणारी एक एसएसडी. तिन्ही निकामी आहेत, तेव्हा बिनधास्त हातात घ्या, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या.

कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस मला फोन करून पहिलं काय विचारतो? प्रोसेसर कोणता घेऊ? स्टिकरवरचा आकडा जेवढा मोठा तेवढं मशीन पळणार, असा आपला समज. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. प्रोसेसरला, म्हणजे आतल्या मुख्य चिपला, हिशेब करायला वेळ लागतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचा वेळ जातो तो माहितीची वाट बघण्यात. मशीन मंद का चाललं, लाईट गेल्यावर काय गेलं आणि काय राहिलं, डिलीट केलेलं परत कसं सापडतं, या सगळ्याची उत्तरं माहिती कुठं ठेवली आणि कुठून आणली यात आहेत.

एक हिशेब घेऊ. मोंढ्यात आडतीवर मुनीम कॉम्प्युटरवर शेतकऱ्याची हिशोबपट्टी करतोय. सोयाबीन 12 क्विंटल, भाव समजा 4,500. तो की-बोर्डवर चार, पाच, शून्य, शून्य दाबतो. मशीनला अजून साडेचार हजार माहीत नाहीत. त्याच्याकडं चार सुटी अक्षरं आली, प्रत्येकाला एकेक ठरलेला क्रमांक: 52, 53, 48, 48. 'चार' या अक्षराचा क्रमांक 52. मग प्रोग्राम बसून चाराला दहानं गुणतो, पाच मिळवतो, पुन्हा दहानं गुणतो, असं करत 4,500 ही संख्या तयार करतो. ती मशीनच्या भाषेत अशी दिसते: 1000110010100. तेरा घरं. डावीकडचा पहिला 1 म्हणजे 4,096, पुढचे 256, 128, 16 आणि 4. बेरीज करून बघा. हा पहिला 1 लक्षात ठेवा, त्याचं पुढं काम आहे.

हे एक आणि शून्य म्हणजे आत काही लिहिलेलं नसतं. तारेवर व्होल्टेज आहे तर एक, जवळपास नाही तर शून्य. असे स्विच जोडून गणित आणि तर्क करता येतो, हे 1937 मध्ये क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं एम.एस.च्या प्रबंधात दाखवून दिलं. त्याच्यासमोर होते टेलिफोन एक्स्चेंजमधले टकटक करणारे रिले, म्हणजे विजेनं उघडझाप होणारे स्विच. ट्रान्झिस्टर, म्हणजे काहीच न हलणारा स्विच, यायला अजून दहा वर्षं होती. आज त्याच स्विचचे अब्जावधी ट्रान्झिस्टर नखाएवढ्या तुकड्यावर बसतात, पण मुळातली युक्ती तीच.

आता गुणाकार. 4,500 गुणिले 12. प्रोसेसर पाढे म्हणत नाही. 12 म्हणजे 8 अधिक 4. मशीनच्या भाषेत संख्या दोन घरं डावीकडं सरकवली की चौपट होते, तीन घरं सरकवली की आठपट. आपण शाळेत एक शून्य वाढवून दहापट करत होतो ना, तसंच. तर 4,500 दोन घरं सरकवले, 18,000 झाले. तीन घरं सरकवले, 36,000 झाले. बेरीज 54,000. झाली पट्टी. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये याला आतल्या घड्याळाच्या तीन-चार टिकटिक लागतात. आणि तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये सेकंदाला 300 कोटी टिकटिक होतात. म्हणजे गुणाकार एका नॅनोसेकंदाच्या, सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या, आसपास संपला. एवढ्या वेळात उजेडसुद्धा फक्त तीस सेंटिमीटर जातो, पोरांच्या कंपासपेटीजवळच्या पट्टीएवढा.

पण 4,500 आणि 12 प्रोसेसरच्या हातात आधी यायला पाहिजेत. हातात म्हणजे रजिस्टरमध्ये. ही रजिस्टरं प्रोसेसरच्या पोटातच असतात, आणि अगदी मोजकी असतात. तिथं नसेल तर प्रोसेसरलगतच्या छोट्या, वेगवान कॅश मेमरीत बघायचं, तिथं नसेल तर रॅममध्ये, तिथंही नसेल तर एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर. प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो, हे आकडे नॅनोसेकंदात सांगितले तर कुणालाच काही वाटत नाही. म्हणून ते ताणून सांगतो. समजा तो गुणाकार करायला पूर्ण एक सेकंद लागला. मग रॅममधून संख्या आणायला साधारण दीड मिनिट लागेल. एसएसडीवरून आणायला एक दिवसाहून जास्त. आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून? जवळजवळ चार महिने. मृगात सोयाबीन पेरायचं, दोन कोळपण्या करायच्या, रास करून घरात आणायची, तेव्हा ती एक संख्या प्रोसेसरच्या हातात पडणार. आणि हा गडी सेकंदभर काम करून पुन्हा रिकामा.

म्हणून मी लोकांना सांगतो, जुनं मशीन रडत असेल तर प्रोसेसरच्या नादी लागू नका. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम चार जीबी असेल तर आठ करा. रॅम कमी पडली की मशीन मावत नसलेला माल डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागेल तसा परत आणतं, म्हणजे दीड मिनिटाच्या जागी चार महिन्यांचे हेलपाटे. आपण त्याला 'हँग झालं' म्हणतो. (ई-सेवा केंद्रात 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणतात तो प्रकार वेगळा, त्याला माझ्याकडं औषध नाही.)

मग सगळी मेमरी कॅशसारखी वेगवान का करत नाहीत? कॅशमध्ये एक बिट, म्हणजे एक किंवा शून्याचं एक घर, धरायला साधारण सहा ट्रान्झिस्टर लागतात. जागा जाते, पैसा जातो. आणि मेमरी जितकी मोठी, तितकी ती लांब पसरणार, लांब पसरली की पुन्हा मंद. यातून सुटका नाही. म्हणून कॅश थोडीशीच ठेवतात आणि एक हुशारी करतात: रॅममधून एक बाइट, म्हणजे आठ बिट, मागितला तरी शेजारचे मिळून चौसष्ट बाइट एकदमच उचलून आणतात. एका ओळीतलं वाचलं की पुढचं लागणारच, हा अंदाज. बहुतेक वेळा खराही ठरतो.

आता रॅमकडं या. ती स्टिक ज्यांच्या हातात असेल त्यांनी काळे चौकोन बघावेत. आठ जीबीच्या रॅममध्ये विद्युतभार साठवणारे सुमारे 6,900 कोटी कपॅसिटर असतात, प्रत्येक बिटला एक कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, 1968 चं पेटंट. सहाच्या जागी एकच ट्रान्झिस्टर, म्हणून स्वस्त. पण कपॅसिटर इतका बारीक की त्यातला विद्युतभार आपोआप गळून जातो. बरं, नुसतं वाचायला गेलं तरी तो रिकामा होतो, वाचून झालं की परत भरावा लागतो. म्हणून रॅममधली प्रत्येक ओळ दर 64 मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा लिहितात. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. तुम्ही चहाला गेलात, मशीन नुसतं चालू आहे, तरी हे सुरूच. चिप 85 अंशांच्या वर तापली तर गळती वाढते आणि हेच काम दुप्पट वेगानं करावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच चव्वेचाळीस अंश, वर पत्रे, आणि पेटीतल्या पंख्यावर बोटभर धूळ. पंखा दिवाळीला तरी साफ करत जा.

लाईट गेली की हे पुन्हा भरणं थांबतं आणि रॅममधलं सगळं पुसतं. कायमचं. पूर्वी असं नव्हतं, बरं का. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक तयार झाला, त्याची मेमरी बारीक चुंबकीय कड्यांची होती. लाईट गेली तरी कड्यांचं चुंबकत्व जागच्या जागी राहायचं. पण त्या कड्या हातानं तारेत ओवाव्या लागत. वेग आणि स्वस्ताई घेतली, टिकाऊपणा सोडला.

इथं एक कामाची गोष्ट. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लाईट गेल्यावर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद कळ काढतो. तेवढ्यात इन्व्हर्टर चालू झाला तर मशीनला काही कळत नाही, नाहीतर बंद पडतं. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं, कॉम्प्युटर त्यावर असेल तर ते दाबलेलं पाहिजे. घरी जाऊन बघा. दुसरी गोष्ट, तुम्ही 'सेव्ह' दाबलं म्हणजे लगेच डिस्कवर लिहिलं गेलं असं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ते थोडा वेळ रॅममध्येच ठेवते आणि सवडीनं लिहिते, कारण हेलपाटे वाचवायचे असतात. पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करा म्हणतात ते यासाठी. उपसून काढलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फाइलचं नाव दिसतं आणि आत काहीच नसतं, हे अनेकांनी पाहिलं असेल.

आता तो पहिला 1. बेल्जियममध्ये शारबीक इथं 2003 च्या निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मोजणीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडलेली दिसली. फेरमोजणी केली, फरक निघाला बरोबर 4,096 चा. सॉफ्टवेअर तपासलं, दोष सापडला नाही. निष्कर्ष असा काढला की मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळं असं होऊ शकतं. एकच घर, पण तेराव्या जागेवरचं. आपल्या मुनिमाच्या 4,500 मधला तोच 1 शून्य झाला असता तर भाव 404 रुपये लागला असता आणि मोंढ्यात काय झालं असतं ते मी सांगायला नको. म्हणून बँकांच्या सर्व्हरमध्ये दर चौसष्ट बिटांमागं आठ जादा बिट ठेवणारी मेमरी वापरतात. एक बिट चुकला तर ती स्वतः दुरुस्त करते, दोन चुकले तर ओरडते. आपल्या घरच्या मशीनमध्ये ती सहसा नसते.

हार्ड डिस्क कुणाकडं आहे? ती चकचकीत तबकडी मिनिटाला 7,200 वेळा फिरते. तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढं जातो. वरची ती बारीक दांडी, तिच्या टोकाचं हेड, तबकडीला टेकत नाही. काही नॅनोमीटर वर हवेवर तरंगतं. केस त्याच्या हजारो पट जाड. धुळीचा कण गेला तर ओरखडा पडणार, आणि ओरखड्याखालची माहिती गेली. म्हणून डिस्क घरी उघडून बघायचा मोह टाळा. हेड योग्य पट्ट्यावर न्यायचं, मग हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबायचं, यातच ते 'चार महिने' जातात. पहिली अशी डिस्क आयबीएमनं 1956 मध्ये विकायला काढली. चोवीस इंचांच्या पन्नास तबकड्या आणि त्यात मावायची सुमारे पन्नास लाख अक्षरं. इंग्रजी अक्षरं हं. आपलं 'परभणी' आज मोबाइलमध्ये लिहिलं तर पाच खुणा होतात, शेवटची वेलांटी धरून, आणि प्रत्येकीला तीन बाइट. पंधरा बाइट एका गावाला.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथं इलेक्ट्रॉन एका बारीकशा कप्प्यात कोंडून ठेवतात, चहूबाजूंनी विजेला वाट न देणारा थर. अशा कोंडीची कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या डावॉन कांग आणि सायमन झे यांनी 1967 मध्ये मांडली, आणि तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात त्यातून फ्लॅश मेमरी उभी केली, एसएसडीत आणि पेन ड्राइव्हमध्ये असते तीच. लिहायला मोठं व्होल्टेज लावून इलेक्ट्रॉन त्या थरातून आत ढकलायचे. दर वेळी थर थोडा झिजतो. हल्लीच्या स्वस्त चिपमध्ये एका कप्प्यावर हजार ते तीन हजार वेळा लिहिता येतं. म्हणून आतला कंट्रोलर, म्हणजे कारभार बघणारी चिप, लिखाण सगळीकडं सारखं वाटत राहतो. आणि कोंडलेले इलेक्ट्रॉनही वर्षानुवर्षं राहत नाहीत, हळूहळू निसटतात, उकाड्यात जरा जास्तच. लग्नाचे फोटो एकाच पेन ड्राइव्हवर घालून पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात दहा वर्षं ठेवणार असाल, तर आणखी एक प्रत हार्ड डिस्कवर काढून दुसऱ्या गावी पाहुण्यांकडं ठेवा.

शेवटचा मुद्दा डिलीटचा, कारण जुनी मशीनं विकताना लोक फसतात. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की फक्त तिची यादीतली नोंद जाते, मजकूर तिथंच राहतो, नवीन काही वर लिहिलं जाईपर्यंत. आधार, बँकेची पासबुकं, सगळं. तेव्हा विकण्याआधी पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून घ्या, त्यासाठी फुकट प्रोग्राम मिळतात. एसएसडीला हा उपाय पुरा पडत नाही, कारण कंट्रोलर लिखाण भलत्याच कप्प्यात नेऊन टाकतो. तिच्यासाठी कंपनीच्या प्रोग्राममधला 'सिक्युअर इरेज' वापरा. आणि हार्ड डिस्क चालूच होत नसेल तर तबकड्यांतून आरपार जातील अशी दोन-चार भोकं ड्रिलनं पाडा आणि मग द्या भंगारात. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते, तुकडे उडतात, तेव्हा ड्रिल लावताना डोळ्यावर चष्मा ठेवा. हं, आता विचारा काय विचारायचं ते.